कोळशाचा डबा

माझे सासरे भाऊराव गावंडे बंद पडलेल्या वस्तूला आधी शिवी देत आणि मग तिच्यासमोर मांडी घालून बसत. लग्न होऊन मी नाशिकहून रायपूरला आले, त्या पहिल्याच आठवड्यात माझा मिक्सर त्यांच्या तावडीत सापडला. "मी स्टीमचे इंजिन सांभाळले, तू कोण लागून गेला रे?" असं त्याला विचारून त्यांनी पाना उचलला. मिक्सर पुन्हा कधी चालला नाही. दोष अर्थातच बाबांचा नव्हता, मिक्सर निवडणाऱ्या माझ्या माहेरच्यांचा होता.

बाबा रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि त्याच सुमारास छत्तीसगड राज्य झालं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. रायपूर एका रात्रीत राजधानी झालं होतं. ज्या रस्त्यावर काल म्हशी बसत होत्या, तिथून लाल दिव्याच्या पांढऱ्या अँबॅसिडर जाऊ लागल्या आणि म्हशींना हाकलायला शिपाई नेमला गेला. बाबांनीही एक पांढरी अँबॅसिडर आणली. तिला दिवा नव्हता. इंजिनही जवळजवळ नव्हतंच, पण ती बारीकसारीक बाब होती.

गाडी घेण्यामागे कारण मात्र खरं होतं. माझ्या सासूबाईंची, म्हणजे आईंची, थोरली बहीण लाखांदूरकडच्या एका खेड्यात अंथरुणाला खिळली होती. रेल्वे तिथवर जात नव्हती. बसमध्ये बसलं, की डिझेलच्या वासानं आईंना पहिल्या वळणालाच उलटी होई. त्यामुळे त्यांनी बहिणीला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आईंनी आयुष्यात कधी काही मागितलं नाही. त्या दिवाळीत एवढंच म्हणाल्या, "बाईले एक डाव पायलं असतं त बरं झालं असतं." बाबांनी पाना शोधायला घेतला.

इंजिन उरला इथल्या कारखान्यांच्या वस्तीतल्या भंगारातून आलं. ते एका नव्या जमान्याच्या, ठोकलेल्या गाडीचं होतं. भंगारवाल्यानं सोबत नळ्यांचं भेंडोळं आणि काळा प्लास्टिकचा एक डबा दिला आणि जोडणी समजावून सांगितली. एक नळी टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणार, दुसरी उरलेलं पेट्रोल परत टाकीत आणणार, तिसरी टाकीतली वाफ या डब्यात सोडणार. डब्यात कोळसा असतो, तो पेट्रोलचा वास धरून ठेवतो.

पहिली नळी बाबांनी मान्य केली. दुसरीही नाखुशीनं केली. तिसरीला मात्र ते हसले. "वाफ? वाफ काय असते ते हा पोट्टा मले शिकवून राहिला! आन् कोळसा? अरे, रेल्वेनं कोळसा सोडला, आन् मी पेट्रोलच्या गाडीत कोळसा ठेवू?" डबा अंगणातल्या पाण्याच्या हौदामागे गेला. टाकीला हवेसाठी जे भोक होतं त्यात बाबांनी पितळेचं बूच ठोकलं. वरचं झाकणही रबर लावून घट्ट केलं. थेंबभर वाफ बाहेर जाणार नाही, असं त्यांनी साऱ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, जाहीर केलं.

गाडी सुरू झाली. चौकातल्या शिपायानं पांढरा रंग पाहून सलामसुद्धा ठोकला आणि बाबांनी तो सचिवाच्या थाटात स्वीकारला. मग सदर बाजारात, बरोबर सराफांच्या दुकानांसमोर, गाडी आचके देत थांबली. मागे स्कूटरींची रांग लागली. बाबांनी शिव्या दिल्या, टाकीचं झाकण उघडलं, आतून फुस्स आवाज आला आणि गाडी पुन्हा सुरू झाली. पुढच्या चौकात पुन्हा तेच. सलाम ठोकणाऱ्या शिपायानं शेवटी धक्का मारला. राजधानीत बढती आणि बदली अशीच पटापट होत असे.

"बाबा, किसी मेकॅनिक को दिखा दो ना," माझा नवरा सुनील म्हणाला. घरातलं सगळं मराठी त्याला समजे, पण उत्तर हिंदीतच येई.

"मेकॅनिक? मंग तुहा बाप काय कंडक्टर आहे?"

पेट्रोलात भेसळ आहे, असा निकाल बाबांनी दिला. पंप बदलले. गाडीनं आचके बदलले नाहीत. एका दुपारी आई स्वयंपाकघरात तेलाचा नवा डबा फोडत होत्या. एक भोक पाडलं, डबा वाकडा केला, तेल गडगड करून अडलं. त्यांनी समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं आणि बाहेर ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाल्या, "हवा गेल्याबिगर तेल काहून येईन?"

"बायकायचं डोकं!" बाबा ओसरीवरून म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पितळेचं बूच निघालं होतं. टाकीला हवा लागते हा शोध त्यांनी रात्री स्वतः लावला होता. शोधाच्या आनंदात त्यांनी भोकाला नळीही जोडली आणि तिचं दुसरं टोक डिकीत, मागच्या सीटच्या पाठीशी मोकळं सोडलं. हौदामागचा डबा आणायचा, तर भंगारवाला बरोबर ठरला असता.

आता गाडी धावू लागली आणि नवं भांडण सुरू झालं. आई मागच्या सीटवर बसत आणि गल्लीच्या टोकाला उतरत.

"वास येऊन राहिला."

"काय व, कुठं येते? मले त नाही येत!"

बाबांना येणार नव्हताच. ते पुढे बसत, काच उघडी, वारा तोंडावर. 'आमच्या शॉपचा', म्हणजे रेल्वेच्या वर्कशॉपचा, कायदा म्हणून ते एक गोष्ट नेहमी ऐकवत: "ज्यानं सांधा जोडला, त्यानं पयले त्याच्यावर बसून जायचं. मंगच दुसऱ्याले बसवायचं." हा कायदा सांगताना त्यांची छाती फुगायची. मागच्या सीटवर ते स्वतः एकदाही बसले नव्हते. मालकानं मागे बसायचं असतं हे लाल दिव्यावाल्यांनी सिद्ध केलं होतं, पण बाबा एकाच वेळी मालक, मेकॅनिक आणि ड्रायव्हर होते. ते नळीची क्लिप आवळत, आईंना बसवत, आई उतरत. बाबा म्हणायचे, नाकात दोष आहे.

मग लाखांदूरहून निरोप आला, की मावशींनी अन्न सोडलंय. आईंनी ट्रंकेतून नवं लुगडं काढलं. सकाळी बाबांनी क्लिप पुन्हा आवळली आणि आईंना मागे बसवलं.

"पाय बरं आता. येते का वास?"

आईंनी मोठा श्वास घेतला. "नाही येत."

"अजिबात नाही न?"

"हव, नाही येत. चला."

बाबांचा चेहरा असा उजळला, की जणू राज्यपालांनीच शपथ दिली असावी. निघताना चाकांखाली लिंबं ठेवायची असतात. ती आईंनीच ठेवली होती. गाडी गेल्यावर मी चिरडलेली लिंबं झाडून काढली तेव्हा एका चाकाचं लिंबू कुठेच सापडलं नाही. मी त्याचा फार विचार केला नाही.

दोघी बहिणी भेटल्या. आईंनी मावशींना पेज भरवली, वेणी घातली, दोन दिवस राहून त्या परतल्या. परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता आणि पुढचा सारा दिवस त्या झोपून होत्या. मावशी त्याच महिन्यात गेल्या. "भेट झाली बाप्पा," एवढंच आई म्हणत. बाबा मात्र पुढे कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "लाखांदूर जाऊन आलो, वासाचा पत्ता नाही! विचारा हिले." आई चहा गाळता गाळता मान डोलवत.

आई गेल्या त्यानंतर गाडी बरेच महिने अंगणात उभी होती. एका दुपारी बाबा ती पुसत होते. मी चहा घेऊन गेले तर ते मागच्या सीटवर बसलेले, भर उन्हात काचा बंद. मी दार उघडलं. त्यांच्या तळहातावर सीटच्या फटीत सापडलेलं एक लिंबू होतं. वाळून काळं पडलेलं, दगडासारखं कडक. सालीवर नखांच्या खुणा होत्या.

"सूनबाई, बस जरा इथं." मी बसले. पेट्रोलचा वास डोक्यात गेला.

"येते न?"

"येतो, बाबा."

"चांगलाच येते." त्यांनी लिंबू उलटंपालटं केलं. "मंग मले सांगितलं काहून नाही तिनं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा क्लिप आवळत बसला असता," मी म्हणाले. "तोवर मावशी थांबल्या नसत्या."

मला ते कठोर वाटलं नाही. वाटभर आईंनी नाकाशी धरलेलं ते लिंबू पाहून मला रडू येत होतं आणि बाबांचा रागही येत होता. चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हौदामागचा डबा काढला, पुसला, इंजिनाशेजारी बसवला. डिकीतली नळी ओढून गाडीच्या पोटाखालून पुढे नेली आणि डब्याला जोडली. हे सगळं करताना त्यांनी कशालाही एक शिवी दिली नाही.

काम झाल्यावर त्यांनी मला पुढे बसवलं. गाडी मला येत नव्हती, किल्ली फिरवण्यापुरती येत होती. ते मागे बसले, स्वतःच्या बाजूला, उजवीकडे. डावीकडची जागा त्यांनी हातानं झाडून मोकळी ठेवली. काचा वर केल्या. इंजिन तापेपर्यंत ते डोळे मिटून श्वास घेत राहिले.

आरशात मला दिसलं, की ते लिंबू त्यांच्या मुठीत होतं आणि मान रिकाम्या जागेकडे वळलेली.

"काय व," ते म्हणाले, "आता त नाही येत न?"