धाकट्याच्या टाकीतलं पेट्रोल

मिस्त्रीचं एक ठरलेलं बोलणं होतं आणि ते ऐकून ऐकून गिऱ्हाइकांचे कान किटले होते. "गाडीच्या पुस्तकात प्रीमियम लिहिलं असेल तर प्रीमियम भरा, नाहीतर साधं. महागडं पेट्रोल पाजलं म्हणून गवत कापायचं यंत्र काही विमान होत नाही." दुरुस्त झालेल्या प्रत्येक यंत्राच्या मुठीला तो पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचा: साधं पेट्रोल, ताजं. खाली सही, तीही अशी ऐटीत की जणू मोठा साहेबच.

दुसरी खोड वासाची. कुठलंही इंजिन आलं की आधी टाकीत बोट बुडवायचं, नाकाशी न्यायचं, मग हत्याराला हात. फक्त धाकट्या भावाच्या पंपावरचं पेट्रोल आहे म्हटलं की बोट खिशात. सख्ख्या भावाचा माल हुंगायचा म्हणजे त्याच्या घरी जेवायला बसून ताट हुंगण्यासारखं, असं त्याला वाटायचं. वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. सायकलच्या दांडीवर बसवून यानेच त्याला शाळेत पोचवला. पंप धाकट्याने काढला, पण मिरवला थोरला, आणि आपली सगळी गिऱ्हाइकं त्याने तिकडे धाडली.

त्या वर्षी मात्र यंत्रं परत येऊ लागली. माळ्याचं गवत कापायचं यंत्र महिन्यात तीनदा आलं. कार्बोरेटरमध्ये चिकटा, रबरी नळ्या फुगून मऊ पडलेल्या. मिस्त्रीने माळ्यालाच झापलं, "शिळं पेट्रोल ठेवतोस, दुसरं काय." माळी बिचारा मान खाली घालून गेला.

मग दातांच्या डॉक्टरीणबाई जनरेटर घेऊन स्वतः आल्या. वीज गेलेली, पेशंटने आ वासलेला, आणि ऐन वेळी जनरेटरने मान टाकली. "तुम्ही सांगितलं तेच भरते हो मी," त्या म्हणाल्या. "तुमची चिठ्ठी अजून लटकते आहे त्याला." त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी मिस्त्रीला जेवण गेलं नाही. तीस वर्षं आपण लोकांना सांगत आलो ते चुकीचंच की काय?

दुसऱ्याच दिवशी धाकटा आपली स्कूटर सर्व्हिसिंगला टाकून गेला. जुनीच स्कूटर, दादानेच घेऊन दिलेली. मिस्त्रीने टाकी रिकामी करायला घेतली आणि पांढऱ्या भांड्यात पेट्रोल उतरलं ते हिरवट. धाकट्याच्या पंपावर साध्याला तांबूस झाक असे; हिरवट ते प्रीमियम.

या खटाऱ्याला प्रीमियम? आणि हाच चारचौघांत सांगायचा, "दादा म्हणतो तेच खरं, मीसुद्धा साधंच भरतो." मिस्त्री उठला, कोपऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या जनरेटरच्या टाकीत बोट बुडवलं आणि पहिल्यांदाच भावाच्या मालाचा वास घेतला. रंगाऱ्याच्या डब्याला येतो तो वास. थिनर. साध्यात काय मिसळलंय ते धाकट्याला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तो स्वतः त्याला शिवत नव्हता. ज्याला दांडीवर बसवून मोठा केला त्याने दादाच्याच चिठ्ठीने लोकांना फसवलं, केसाने गळा कापला.

संध्याकाळी धाकटा आला. "झाली का रे दादा?"

"झाली. टाकी धुऊन भरून ठेवलीय."

"काय भरलंस?"

"साधं. तुझ्याच पंपावरचं. डॉक्टरीणबाईंच्या जनरेटरमधलं."

किकवर ठेवलेला पाय धाकट्याने हळूच खाली घेतला. तो भांड्याकडे बघत राहिला. हिरवं पेट्रोल अजून तिथेच होतं.

"मार की किक," मिस्त्री म्हणाला.

"दादा, सगळेच करतात रे."

"मार किक."

धाकट्याने किक मारली नाही. त्याने स्टँड काढला आणि स्कूटर ढकलत निघाला. पुढे चढ होता. एरवी मिस्त्रीने मागून हात दिला असता.

मग त्याने खोक्याचा पुठ्ठा कापून नव्या चिठ्ठ्या केल्या. साधं पेट्रोल, ताजं, असं नेहमीसारखं लिहिलं. त्याखाली लिहिलं, माझ्या भावाच्या पंपावरचं नको. खाली सही केली. पहिली चिठ्ठी घेऊन तो माळ्याच्या घरी गेला, कारण झापलं त्याला होतं.