विमानाच्या पोटाखालचे बूट

आमचे दाजी गेणभाऊ तळेघरच्या वरच्या वाडीचे, माझ्या सोनीताईचे मालक. मुंबईच्या विमानतळावर सामान चढवणाऱ्या टोळीत त्यांनी अर्धी उमर घातली, आन मला तिथं चिकटवलं तेबी त्यांनीच. गावात सांगितलं की लोकांना वाटायचं, सुनील आन गेणभाऊ विमान चालवत्यात. कसलं चालवतोय? आमी विमानाच्या पोटात गुडघ्यावर रांगायचो आन लोकांच्या पेट्या रचायचो. आत उभं राहायला जागा न्हाई, आन उन्हाळ्यात नुसती भट्टी.

दाजींना एक खोड व्हती. पोटात चढायच्या आधी ते बूट काढायचे. कंपनीचे सक्तीचे जाडजूड बूट, चवड्याला लोखंड घातलेले. ते विमानाखाली जोडीनं नीट मांडून ठेवायचे आन अनवाणी आत शिरायचे. पहिल्यांदा बघितलं तवा मी हसलो. दाजी रागावले न्हाईत. उलट मलाच इचारलं, आपण खळ्यात वहाणा घालून जातो का रं?

आता तुमी म्हणाल, विमानात खळं कुठनं आलं. आमच्या डोंगरात भात झोडायचं खळं एकदा शेणानं सारवलं, की तिथं कुणी पायताण घालून पाय ठेवत न्हाई. मग तो पावणा असो न्हाईतर पुढारी. दाजींचं म्हणणं, घरातलं धान्य आता ह्या विमानाच्या पोटातनं येतंय, तवा हेबी खळंच. टोळीतली पोरं चिडवायची, गेणभाऊ निघाले देवळात. आमचा सुपरवायझर सावळेराम पेठचा, म्हंजे आपल्याच तालुक्यातला. तो बघूनबी न बघितल्यासारखं करायचा, कारण दाजींसारखं काम सगळ्या टोळीत कुणाचं नव्हतं.

दोन हजार पाचच्या आसपास कंपनीला उतरती कळा लागली. विमानं निम्मी रिकामी उडायला लागली, पगार लांबायला लागला, कँटीनच्या चहातलं दूध गायब झालं. एक दिवस साहेबांनी आमाला सगळ्यांना उभं करून सांगितलं, जगातल्या बड्या बड्या विमान कंपन्यांनी मिळून एक आघाडी केलीय. तिच्यात आपण शिरलो की त्यांचं गिऱ्हाईक आपल्या विमानात बसंल आन आपलं त्यांच्या. शिरलो तर कंपनी जगंल, न्हाईतर कुलूप.

दाजींना हे लई आवडलं. म्हणाले, ही तर आपली पडकई. आमच्याकडं उन्हाळ्यात भाताची खाचरं बांधायला सगळी घरं मिळून राबत्यात, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ज्याच्याकडं बैल न्हाई, त्यालाबी पडकईत घेत्यात. दाजी टोळीत सगळ्यांना सांगत सुटले, काळजी करू नका, अडलेल्याला धरायलाच तर पडकई असती. मी म्हणालो, दाजी, ही बड्यांची पडकई हाय, हे आधी बैलाचे दात बघतील.

आन झालंबी तसंच. आघाडीत घ्यायच्या आधी तपासणी ठरली. एक परदेशी बाई आन तिच्या संगतीला दुभाषी म्हणून पुण्याकडची एक मुलगी, अशा दोघी येणार व्हत्या. त्या सकाळी सावळेरामनं दाजींना बाजूला घेऊन अक्षरशः हात जोडले. गेणभाऊ, आजचा दिवस बूट घाला, सगळ्यांच्या पोटाचा सवाल हाय. दाजी हो म्हणाले, आन बूट घालूनच कामाला लागले. खोटं कशाला बोलू? पण विमान आलं, दार उघडलं, आत चढायची येळ झाली, तसा त्यांचा हात आपसूक नाड्यांकडं गेला. मी पार दुसऱ्या टोकाला. ओरडलो असतो तरी त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

बाईला आधी बूट दिसले. विमानाच्या पोटाखाली, देवळाबाहेर ठेवावे तसे. तिनं फोटो काढला, मग वाकून आत बघितलं. दाजींना खाली बोलावलं. त्या मुलीनं अदबीनं इचारलं, काका, बूट का काढले? सावळेरामनं पटकन मधी तोंड घातलं, म्हणाला, बुटात खडा गेला असंल, न्हाई का गेणभाऊ? ती मुलगीबी शहाणी व्हती. तिनं दाजींकडं असं बघितलं की खडा म्हणा, मी तेच सांगते. सगळं विमानतळ जणू त्या एका खड्याची वाट बघत व्हतं.

"खडा न्हाई गेला," दाजी म्हणाले. "मी रोजच काढतो. पहिल्या दिवसापासनं."

संपलं. खडा गेला असता तर ती एका माणसाची एका दिवसाची चूक ठरली असती. रोज एक माणूस अनवाणी काम करतो आन त्याला कुणी अडवत न्हाई, म्हंजे सगळी कंपनीच ढिली. बाईनं तसंच लिहिलं. मग वरनं हुकूम आला, नियम मोडणाऱ्याला घरी बसवलंय असं आघाडीला दाखवा. दाजी इतकी वर्सं राबूनबी टेंपररीच व्हते. त्यांना काढायला कागदसुद्धा लागला न्हाई. सावळेराम त्यांना एसटीपर्यंत पोचवायला आला. त्याचे डोळे भरले व्हते. म्हणाला, एकदा आघाडीत शिरू द्या, पहिलं बोलावणं तुमाला.

ह्या एका शब्दावर दाजी तळेघरला येऊन बसले. सोनीताईनं त्यांना उभं-आडवं घेतलं.

"एक खडा म्हणाला असता तर तोंड झिजलं असतं काय तुमचं?"

दाजींनी ते कंपनीचे बूट खोबरेल लावून पुसले, फडक्यात गुंडाळले आन फळीवर ठेवले. दर महिन्याला काढायचे, पुसायचे, परत ठेवायचे. घोडेगावात हिरड्याच्या वखारीत काम मिळत व्हतं, ते घेतलं न्हाई. का, तर बोलावणं आलं आन आपण तिकडं अडकलेलो असलो तर? खालून एसटी आली की फाट्यावर जाऊन कंडक्टरला इचारायचं, मुंबईचा काय निरोप? तो कंडक्टर पार कंटाळला. ताई मला फोनवर म्हणायची, सुनील, हा माणूस घरात हाय पण घरात न्हाई. मला राग यायचा. कंपनीचा यायचा, सावळेरामचा यायचा, आन खरं सांगतो, सगळ्यात जास्ती दाजींचाच यायचा.

दोन पावसाळे असे गेले. मग एकदाची कंपनी आघाडीत शिरली. पण शिरता शिरता साहेबांनी सामान चढवायचं सगळं काम एका ठेकेदाराला देऊन टाकलं. जुनी टोळी मोडली. सावळेरामची बदली झाली. ठेकेदारानं नवी पोरं भरली आन जुन्यातले आमी तिघं-चौघं ठेवले, तेबी निम्म्या पगारावर. बोलवायला आता तिकडं कुणी उरलंच नव्हतं. ही बातमी घेऊन मी झोडणीला गावी निघालो. दाजी मला घ्यायला घोडेगावपर्यंत खाली आले व्हते.

स्टँडसमोरच्या हॉटेलात आमी चहाला बसलो. सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात टीव्हीवर आमचंच विमान दिसलं. नवा रंग, शेपटीजवळ आघाडीचं चिन्ह, नाकाला झेंडूचा हार. भटजीबी व्हता. आमचे बडे साहेब नारळ घेऊन पुढं आले, थांबले, आन त्यांनी बूट काढले. त्यांचं बघून परदेशी पावण्यांनीबी खाली वाकून नाड्या सोडल्या. हसत व्हते सगळे. तिथं फरशीवर चकचकीत बुटांची ही मोठी रांग लागली. माझ्या अंगाची आग आग झाली. वाटलं, कप फेकून मारावा त्या टीव्हीवर.

दाजी मात्र उभे राहिले व्हते. त्यांचं तोंड असं फुललेलं मी दोन वर्सांत बघितलं नव्हतं. त्यांनी माझा हात धरला.

"बघितलं का सुनील? त्यांनीबी काढले. त्यांना पटलं. आता बोलवतील."

मग मला सांगावं लागलं. ठेकेदार, नवी पोरं, सावळेरामची बदली, सगळं सांगितलं. दाजी हळूहळू खाली बसले. टीव्हीवर तोवर दुसरीच बातमी लागली व्हती. त्यांनी इचारलं, तुला ठेवलंय ना? मी हो म्हणालो. बरं झालं, म्हणाले, आन चहाचे पैसे त्यांनीच दिले. एसटीत बसल्यावर मी खिडकीकडं तोंड करून रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोडणीची तयारी चालली व्हती. दाजींनी फळीवरनं फडकं काढलं, सोडलं आन बूट पायात घातले. ताईच्या हातातला खराटा तसाच राहिला. दाजींनी गोठ्यातलं शेण पाटीत भरलं, डोक्यावर घेतलं आन ते बूट राडीत बुडवत उकिरड्याकडं गेले. दोन खेपा केल्या. तिसरी पाटी खळं सारवायला आणली. खळ्याच्या कडेला आल्यावर पाटी खाली ठेवली, वाकून नाड्या सोडल्या आन ते शेणानं भरलेले बूट बाहेर जोडीनं नीट मांडून ठेवले.