शाळेच्या हौदाचं पाणी

मथुराबाईला पोहण्याशी काही देणंघेणं नव्हतं. तापीकाठच्या दापोऱ्यात ती लहानाची मोठी झाली, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी शिरली नाही. तिचं घेणं फक्त चाकाशी होतं.

बुऱ्हाणपुरातल्या मुलींच्या एका सरकारी शाळेत ती शिपाईण होती. शाळा भरायची कापसाच्या व्यापारातल्या एका गोऱ्या साहेबाच्या जुन्या बंगल्यात. साहेब सत्तेचाळीसनंतर निघून गेला, बंगला सरकारजमा झाला, आणि मागच्या अंगणातला पोहण्याचा हौद शाळेच्या गळ्यात पडला. पंचवीस फूट लांब, बारा फूट रुंद, मोठ्या माणसाच्या छातीइतका खोल. आधीच्या बाईंनी त्यात पालापाचोळा साठू दिला होता. पण छप्पन साली नागपूरहून शारदाबाई मुख्याध्यापिका होऊन आल्या आणि त्यांनी हौद घासून घेतला. "नदीकाठच्या मुली आणि कपडे धुताना पाय घसरला तर बुडून मरतात! हे काही खरं नाही," म्हणत त्यांनी पाचवी-सहावीच्या मुलींना पोहायला शिकवायला सुरुवात केली.

हौद भरायचा तो शेजारच्या विहिरीवरून. विहिरीवर हाताने फिरवायच्या चाकाचा पंप होता. महिन्यातून एकदा हौद रिकामा करून घासला की पुन्हा भरायला तीन दिवस लागत. तेव्हा माळी मदतीला येई. पण खरा जाच रोजचाच होता. रात्रीतून हौदाचं पाणी चार बोटं उतरायचं. ते भरून काढायला मथुराबाई रोज उजाडायच्या आत शाळेत यायची आणि सव्वा तास चाक फिरवायची. मग झाडलोट, मग घंटा, मग दिवसभर पायऱ्यांची चढउतार. घरी नवरा, कौतिक, जिनिंगमध्ये तीस वर्षं कापसाची धूळ गिळून दम्याने बसलेला. त्याला शेक द्यायचा, भाकरी टाकायची. पन्नाशी उलटली होती. संध्याकाळी पाठ टेकली की खांदे असे ठणकत, की कूस कुठली बदलायची तेच तिला कळत नसे.

शारदाबाईंनी दुरुस्तीसाठी नागपूरला कागद लिहिला होता. तेवढ्यात राज्यं नवी झाली, बुऱ्हाणपूर भोपाळच्या हाताखाली गेलं. नागपूरने कळवलं, तुमची फाइल भोपाळला पाठवली. भोपाळने कळवलं, अशी फाइल आमच्याकडे आलेली नाही. वर्ष-सव्वा वर्ष असंच गेलं. कागद फिरत राहिला आणि इकडे मथुराबाई चाक फिरवत राहिली.

अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये एका सकाळी तिचा हात चाकावरून सुटला आणि दांडा फिरून मनगटावर बसला. ती तिथेच खाली बसली. शारदाबाई धावत आल्या.

"मथुराबाई, राहू द्या आज. तुम्ही घरी जा."

"आज राहीन बाई, पन उद्या आठ बोटं उतरंन, त्याचं काय?" ती म्हणाली. मग हौदाकडे बघत विचारलं, "मोठ्या बाई, हे पानी जातं कुठी?"

"गळतं कुठेतरी."

"गळतं ते ठाव हाये. कुठून गळतं?"

दीड वर्षात कुणी हा प्रश्नच विचारला नव्हता.

मनगटाला हळद बांधून मथुराबाई दोन दिवस विचार करत होती. रांजण पाझरला तर तो अंगाने पाझरतो की बुडातून, हे ओळखायची तिची रीत होती. इथेही तीच लावायची. हौदाच्या तळाला, कोपऱ्यात, पाणी काढून द्यायचं भोक होतं. तिथून लोखंडी नळ जमिनीखालून बाहेर जायचा, पुढे चावी होती, आणि चावीपुढे नाली. पुढच्या घासणीला हौद कोरडा झाला तेव्हा तिने भोकात चिंध्या कोंबल्या, वर चिकणमाती लिंपली, आणि मग हौद भरला. पाणी जिथवर आलं तिथे हौदाच्या भिंतीवर कोळशाने रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली जेमतेम अर्धं बोट होतं. तेवढं तर ऊनच पितं. म्हणजे हौद धड होता, नळ फुटका होता. आणि नळ कुठे फुटलाय हे तर कर्दळीनेच सांगितलं असतं, कुणी बघितलं असतं तर. चावीपासून हातभर अलीकडे, सगळं अंगण करपलेलं असताना, कर्दळीचा एक झुबका हिरवागार माजला होता.

शाळा सुटल्यावर तिने तिथे कुदळ मारली. दोन फुटांवर चिखल, चिखलात गंजलेला नळ, आणि नळाला नळ जोडलेला सांधा. तिने तो पुसला, राळ वितळवून त्यात बुडवलेलं फडकं करकचून बांधलं. तिसऱ्या दिवशी हौदातल्या मातीचं बूच विरघळलं, नळात पाणी आलं, आणि फडक्यातून दहा ठिकाणी धारा लागल्या.

कौतिकच्या ओळखीचा चुडामण जिनिंगच्या कारखान्यात फिटर होता. त्याने कपाळाला हात लावला.

"मावशी, नळ म्हंजे काय मोडका पाय हाये का, पट्टी बांधाले? सांधा खोलना पडेगा. पेचावरचा जुना ताग काढ, नवा गुंडाळ, वरून सफेद्याचा लेप चोपड, मग कस. मी येतो रविवारी."

दोन रविवार गेले. कारखान्यात हंगामाची घाई होती, त्याला सुट्टीच नव्हती. तिसऱ्या शनिवारी मथुराबाई त्याच्या दारात उभी राहिली. "तू येऊ नको. पाना दे."

पाना हातभर लांब आणि पायलीभर ज्वारीइतका जड. सांधा खोलायचा तर हौद रिकामा करायला हवा. रविवारी सकाळी तिने चावी उघडली आणि नालीच्या कडेला बसून आपलं पाणी वाहून जाताना बघितलं. तीन दिवसांचा घाम होता तो. दुपारपर्यंत वाहत होता.

सांधा पहिल्यांदा हललाच नाही. घासलेट ओतलं, थांबली, पान्याच्या टोकावर अक्षरशः लोंबकळली. कर्रर्र आवाज झाला आणि चावीसकट नळाचा तुकडा फिरून सुटला. पेचाचे आटे गंजाने भरले होते. तिने ते खिळ्याने कोरून कोरून साफ केले, ताग गुंडाळला, सफेदा लावला, कसलं. हौदात फक्त चार बोटं पाणी घेऊन बघितलं. टप. टप. टप.

ती खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. रडायलाही अंगात जोर लागतो, तो नव्हता. घरी कौतिकने तिचे सफेद्याने पांढरे झालेले हात पाहिले.

"आता पुरे कर वं. सरकारचा हौद, सरकार पाहीन."

"सरकार पाहू राह्यलं दोन वर्सापासून," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे ताट सरकवलं.

सकाळी कामावर जाताजाता तिने चुडामणला गाठलं, ताग कसा गुंडाळला ते हवेत बोट फिरवून दाखवलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "उलटा गुंडाळला तू, मावशी. पेच ज्या अंगाने फिरतो त्याच अंगाने गुंडाळ. नाहीतर कसताना सगळा सुटून जातो."

त्या संध्याकाळी पुन्हा सगळं. पुन्हा चार बोटं पाणी. तिने सांध्याखाली कोरडी राख पसरली आणि तासभर तिच्याकडे बघत बसली. राख कोरडीच राहिली.

हौद तीन दिवसांत भरला. चौथ्या दिवशी सवयीप्रमाणे ती उजाडायच्या आत आली. पाणी रेघेपाशी. चाकाला हात लावायचं काम नव्हतं. काय करावं ते तिला सुचेना. ती व्हरांड्यात टेकली, मग आडवी झाली. शारदाबाई आल्या तेव्हा ती तोंड उघडं टाकून झोपली होती. त्या दिवशी पहिली घंटा शारदाबाईंनी स्वतः वाजवली, जरा हळूच.

पावसाळ्यानंतर तपासणीला एक साहेब आले. हौदाभोवती एक चक्कर मारून गेले. महिन्याने भोपाळहून उत्तर आलं: हौद सुस्थितीत असल्याने दुरुस्तीची आवश्यकता नाही, प्रकरण बंद. शारदाबाईंनी ते तिला वाचून दाखवलं. मग तो कागद टेबलावर आपटला.

"चांगलं झालं," मथुराबाई म्हणाली. "मले वाटलं, मानसं पाठवतीन अन् पुन्हा खोदतीन."

पाणी टिकतं म्हटल्यावर शारदाबाईंनी सातवीच्याही मुली घेतल्या, आणि मथुराबाईला दुपारी आणखी एक तास हौदाच्या काठावर राखणीला उभं राहावं लागलं. तिने तक्रार केली नाही. फक्त एक स्टूल मागितलं. ते यायला पुढची दिवाळी उजाडली.