लाभ, दोन, तीन

बाजारात तांदूळवाल्या मावशींनी पहिलं माप ओतलं आणि म्हणाल्या, "लाभ." मग "दोन, तीन."

"मावशी, एक का नाही म्हणत?"

"एक म्हटलं की बरकत जाते, बाळा."

घरी टेबलावर माझ्या संशोधनातले प्राचीन सेमिटिक भाषाकुळातले आकडे पसरलेले. हिब्रूतला शालोश, अरबीतला सलासा. त्यांवरून या भाषांच्या हरवलेल्या मूळ भाषेतला 'तीन' सहज बांधता आला. 'एक' मात्र वर्षभर हुलकावणी देतोय. त्याच कुळातल्या, प्राचीन इराकमधल्या अक्कदी भाषेतला 'एक', म्हणजे इश्तेन, बाकीच्यांशी जुळतच नाही. तिथंही धान्य मोजणारी कुणी बाई 'एक' म्हणायला भ्यायली असेल का? असली, तरी तिची भीती मी कुठल्या ध्वनिनियमात बसवू?

वही मिटली. तांदूळ डब्यात भरायला घेतले, तर पहिल्या वाटीला माझ्याही तोंडून 'एक' निघेना.