बटण वर, जीपीएस बंद

सकाळपासून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय.

मैत्रीण वैशालीच्या छोट्या विमानात, मुख्य वीज गेली तरी जीपीएस चालू राहावा म्हणून, जादा बॅटरी आणि तिचं बटण मी जोडलं. जमिनीवर नीट तपासलंही. आज सकाळी दोघांनी उड्डाण केलं.

दिंडोरीवर हवा धुरकट होती. चाचणी म्हणून तिने उपकरणांची मुख्य वीज बंद केली. जीपीएस विझला.

"बटण तर वर आहे, म्हणजे चालूच. बॅटरी गेली का रे?"

तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. विमानात बटण वर केलं की चालू होतं. मी घरातल्यासारखं, खाली चालू होईल असं जोडलं होतं.

"खाली कर!"

जीपीएस लागला.

"हा तुझ्या हॉलमधला पंखा आहे का?"

उद्या ती एकटी जाणार होती. माझं काम तपासणारा हातही माझाच होता. तुम्ही तुमचं काम कुणाकडून तपासून घेता?