डोळ्याची वजाबाकी

वेधशाळेतले लोक त्यांना तिरकेसाहेब म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. दुर्बिणीतून जोडतारा मोजायचा तर दोन्ही तारे डोळ्यांच्या रेषेत यावे लागतात, त्यासाठी मान कलती धरावी लागते. जन्मभर हेच केल्यावर मान सरळ राहीलच कशी? जेवतानाही ते ताटाकडे तिरकेच बघत.

त्यांचा तारा एकच. नुसत्या डोळ्यांना एक ठिपका, दुर्बिणीत दोन: एक पिवळा, एक निळसर, एकमेकांभोवती फिरणारे. एक फेरी पुरी व्हायला माणसाचं अख्खं आयुष्य जातं. दोघांमधलं अंतर आणि दिशा मोजत राहिलं की त्यावरून ताऱ्यांचं वजन काढता येतं. ऐन तारुण्यात त्यांनी हे काम अंगावर घेतलं. आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि त्यांचं सगळं नाव या मोजमापांवरच उभं होतं.

मेख अशी, की प्रत्येकाचा डोळा थोडा चुकतो. कुणाला अंतर जास्त दिसतं, कुणाला कमी. म्हणून पत्र्याला ठरावीक अंतरावर दोन भोकं पाडून मागे दिवा ठेवायचा, त्यावर आपली चूक मोजायची आणि ती आकड्यांतून वजा करायची, असा रिवाज. तिरकेसाहेब यात भलतेच काटेकोर. तरी त्यांचं अंतर दोन वर्षं फुगे, दोन वर्षं आक्रसे. दिव्यापुढे चूक सापडेना, पण साहेब ठाम, की चूक आपलीच. डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं, तर यांनी डॉक्टर बदलला. दरवेळी ती फुगण्या-आक्रसण्याची लाट स्वतःच्या माथी मारून त्यांनी आकडे गुळगुळीत केले. मूळ आकडे ठेवलेसुद्धा नाहीत.

घरीही हीच तऱ्हा. दूध उतू गेलं की "माझंच चुकलं" म्हणून मोकळे! बायको म्हणे, "अहो, तुम्ही स्वयंपाकघरात नव्हतातच!"

एका दुपारी संचालकबाई त्यांच्या खोलीत आल्या. दुसऱ्या एका वेधशाळेने त्या ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून पाहिला होता. त्या रंगपट्ट्यात निळसर ताऱ्याच्या काळ्या रेषा नियमाने मागेपुढे सरकत होत्या. चार वर्षांत एक फेरी घालणारा, न दिसणारा सोबती त्याला ओढत होता. म्हणजे तारे तीन होते.

"पण मग दोघांमधलं अंतरही फुगायला-आक्रसायला हवं, आणि तुमच्या मोजमापांत त्याचा मागमूस नाही," बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांचे आकडे खोटे कसे असतील? त्या लोकांचंच चुकलंय. तसं लिहून पाठवू या?"

साहेबांनी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"नका पाठवू," ते म्हणाले. "लाट होती. मी काढली."

"मूळ आकडे?"

"नाहीत."

बाईंना वाईट वाटलं, आणि रागही आला. शेवटी त्या म्हणाल्या, "यंत्रात दोष होता असं लिहू?"

"यंत्र चांगलं होतं, बाई."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने सवयीने समजूत घातली, "तुमचं काही चुकलं नसेल हो."

"तो मला दिसत होता गं," ते म्हणाले. "इतकी वर्षं दिसत होता, आणि मी त्यालाच माझी चूक म्हणत राहिलो."