शेजारणीच्या भाषेत

देवाने माणसाला जीभ दिली ती जोडण्यासाठी. माणसाने तिची कात्री केली. त्या वर्षी शहरात ही कात्री फार चालली. सीमेपलीकडून आलेली माणसे दिसायला इथल्यांसारखीच, रडायला-हसायला इथल्यांसारखीच; ओळखू यायची ती केवळ बोलीवरून. म्हणून बाजारात माणसे बोलेनाशी झाली. दुकाने भरदिवसा मिटू लागली.

शाळेच्या बसमधल्या मावशीला हे सारे खिडकीतून दिसे. तिला मूलबाळ नव्हते. देव तिच्या ओटीत रोज बसभर लेकरे घाली. शाळा खासगी, देशोदेशीची मुले तिथे शिकत. तिथला एक नेम मावशीला आधी निव्वळ थेर वाटला होता: परतीच्या वाटेवर प्रत्येकाने शेजारच्याच्या भाषेत बोलायचे.

"घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं," असे ती चालकदादाला म्हणे.

पण सीमेपलीकडून आलेल्या शिंप्याची लेक चिमणी आणि इथल्या बेकरीवाल्याची नात ढब्बू एका बाकावर बसत, आणि त्यांची भांडणेसुद्धा अदलाबदलीच्या भाषेत होत. ते ऐकून मावशी विरघळली.

त्या दुपारी पुलाअलीकडे मोटारसायकली आडव्या लावलेल्या होत्या. एक तरुण बसमध्ये चढला. त्याचा आवाज गोड होता. त्यानेच मावशी सावध झाली.

"घाबरू नका, मावशी. पलीकडची पोरं तेवढी उतरवतो. चला, एकेकाने एक ते दहा म्हणा."

त्याने पहिला हात ठेवला तो ढब्बूच्या खांद्यावर. ढब्बूने, नेमाप्रमाणे, चिमणीच्या भाषेत आकडे म्हटले.

"सापडली," म्हणत त्याने तिचा दंड धरला.

मावशी मध्ये शिरली. "कुणाला धरताय, बघा तरी. बेकरीवाल्याची नात ती. सकाळचा पाव तिच्या आजोबांचाच खाल्ला असेल तुम्ही."

"खरंय रे," खालून एकजण हसला. "आमच्या आळीतली आहे."

तरुणाने दंड सोडला. "तू म्हण," तो चिमणीला म्हणाला. चिमणीने इथल्या भाषेत म्हटले. स्वच्छ, संथ, जणू तिला बोल फुटला तो याच भाषेत. पुढच्या बाकावरून तिसऱ्याच देशाची भाषा आली, त्यामागून चौथी.

"शाळा आहे की बाजार?" गोडवा आता ओसरला होता. "मावशी, तुम्हीच दाखवा."

"मला सगळी लेकरंच दिसतात."

"उद्या दिसेल नीट. आम्ही इथंच आहोत."

तो उतरला, बस सुटली. चिमणीच्या गल्लीच्या तोंडाशी तिची आई उभी होती. मावशीने काही लपवले नाही. आईने लेकीला पोटाशी ओढले. "उद्यापासून घरीच ठेवते," ती कुजबुजली. "शिकून काय करायचंय? जीव राहिला म्हणजे मिळवली."

"आज शिकण्यानेच राहिला, बाई. घराच्या दारावरही येऊन विचारतील. तेव्हा हिच्या शेजारी बसायला ढब्बू कुठून आणाल?"

आईची नजर मावशीच्या खांद्यावरून मागे गेली होती. बसमागून आलेली एक मोटारसायकल कोपऱ्यावर थांबली होती. स्वार उतरला नव्हता, इंजिन चालूच होते.

मावशीने वळून पाहिले, मनात नाम घेतले, आणि आवाज न चढवता म्हणाली, "सकाळी आवरून ठेवा तिला. मी दारापर्यंत येते."